उघड्या तोंडाची शिंक

आमच्या घरात बायका शिंकत नसत. शिंक यायची, पण बाहेर पडायची नाही.

लग्न होऊन मी सांगली जिल्ह्यातल्या माझ्या सासरी गेले, तेव्हाची गोष्ट. सासरे बाजाराला निघाले होते. पायात वहाणा घातल्या होत्या, गाडी जुंपलेली होती, आणि मी चुलीपुढं शिंकले. सासरे उंबऱ्यातून परत फिरले. वहाणा काढल्या, बसले, पाणी मागितलं. सगळे खोळंबले. सासूनं फक्त माझाच पदर माझ्या नाकाशी धरून दाखवलं, कसं आवळायचं ते. नाकपुड्या चिमटीत धरायच्या, तोंड घट्ट मिटायचं, मान खाली घालायची आणि शिंक गिळायची. डोक्यात फट्‌कन आवाज होतो, कानात दडे बसतात, डोळ्यांत पाणी येतं. पण बाहेर कळत नाही.

यात मी इतकी पक्की झाले की पुढं सासू-सासरे गेले, नवरा गेला, तरी सवय राहिली. घरातून कुणी निघालेलं असो वा नसो, शिंक आली की हात आपोआप पदराकडं जायचा. मला वाटायचं, माझ्या चार चांगल्या सवयींतली ही एक. याच सवयीपायी मी मरता मरता राहिले, म्हणून आधी ती सांगितली.

नवरा गेल्यावर मुलानं मला जयपूरला आणलं. तो तिथं कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. झोटवाड्यात वरच्या मजल्यावर घर, आणि त्याच्यावर मोकळी गच्ची. खाली लोखंडाची कामं करणारी दुकानं, दिवसभर ठाकठूक. मला ते गाव आवडलं नाही आणि मी तसं सांगितलंही. पाणी जड, भाजी महाग, दूध मात्र चांगलं.

सून मराठीच, पण जन्म जयपूरचा. तिचे वडील फौजेत होते, नोकरी संपल्यावर इथंच राहिले. तिचं मराठी ऐकलं की मला दातात खडा आल्यासारखं व्हायचं. "आई, मी दूध गॅसवर ठेवली आहे, मतलब तुम्ही बघाल ना?" असं बोलायची. तीही कॉम्प्युटरचंच काम करते, पण घरात बसून. दिवसभर कानाला ते यंत्र लावून परक्या माणसांशी इंग्रजी बोलते. मी आले तेव्हा मला वाटलं होतं, ही माझ्याशी काय बोलणार, आणि मी हिच्याशी काय बोलणार. पहिलं वर्ष आम्ही दोघींनी भांड्यांच्या आवाजात काढलं.

जयपूरचं एकच मला पहिल्यापासून पटलं. ऊन. होळी झाली की असं कोरडं, कडक ऊन पडतं, की कुरडई दोन दिवसांत खडखडीत वाळते. मग मी दरवर्षी कुरडया घालायला लागले. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, निवळू द्यायचा, वरचं पाणी ओतून टाकून तो शिजवायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्यातून घालायचा. सून म्हणायची, "आई, बाजारात मिळतात." मी म्हणायची, "बाजारात आया पण मिळतील."

त्या दिवशी मी सकाळी गच्चीवर प्लास्टिक अंथरून कुरडया घालत होते. अर्धं प्लास्टिक भरलं होतं. तेवढ्यात पाण्याच्या टाकीवरून लाल तोंडाचं माकड उतरलं. जयपूरची माकडं माणसाला घाबरत नाहीत, त्यातून बाई असली तर मुळीच नाही. ते आलं, बसलं, एक ओली कुरडई उचलली आणि माझ्याकडं बघत खायला लागलं. मला राग आला. हातात झारा होता, तोच घेऊन मी धावले. माकड जिन्याकडं गेलं, मी त्याच्या मागं. लुगड्याचा काठ चिकानं भिजला होता, तो पायात आला. जिन्याच्या तोंडाशी लोखंडी पाइपाचा कठडा आहे. माझं कपाळ, नाकाच्या मुळापाशी, त्या पाइपावर आपटलं.

डोळ्यांपुढं अंधारी आली. बसून राहिले. थोडं रक्त आलं, ते थांबलं. माकड टाकीवर जाऊन उरलेली कुरडई संपवत होतं. चीक गार झाला की सोऱ्यातून उतरत नाही. म्हणून मी उठले, उरलेल्या कुरडया घातल्या आणि मगच खाली आले.

सुनेला सांगितलं, "पाय घसरला. टेंगूळ आलंय." तिनं कानातलं यंत्र काढलं, बर्फ दिला, डॉक्टरकडं जाऊ म्हणाली. मी नको म्हटलं. ती दोनदा म्हणाली, मी दोनदा नको म्हटलं.

दुपारपासून नाक गळायला लागलं. मला वाटलं, ओल्या चिकात आणि पाण्यात हात घालून सर्दी झाली. पाणी नुसतं पाण्यासारखं, एकाच नाकपुडीतून. निजलं की घशात उतरायचं आणि खारट लागायचं. मी नाक जोरजोरात शिंकरत होते. आणि शिंका. आली शिंक की पदर, चिमूट, तोंड बंद. प्रत्येक वेळी डोकं आतून कुणीतरी फुगवतंय असं व्हायचं. संध्याकाळी मान अवघडली. मी म्हटलं, पडल्यामुळं असेल.

दुसऱ्या दिवशी आरशात पाहिलं तर दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं झालेलं. मुलगा लवकर ऑफिसला गेला होता, त्यानं पाहिलं नाही. मी ताटात मेथी निवडायला घेतली. खाली वाकले की नाकातून थेंब, टप टप, ताटात. सून चहाचा कप ठेवायला आली आणि तिथंच उभी राहिली.

"आई, हे काय?"

"सर्दी आहे."

"सर्दीत नाक बंद होतं ना? हे तर नळ लीक झाल्यासारखं येतंय. आणि एकाच साइडनं. आणि तुमचे डोळे बघा."

"मेथी तेवढी निवडू दे. आणि गच्चीवरच्या कुरडया उलटायच्यात."

"कुरडई गेली खड्ड्यात, आई. उठा."

हे वाक्य मात्र तिनं अस्सल मराठीत म्हटलं. मी उठले.

मोठ्या दवाखान्यात नेलं. डोक्याचे आणि मानेचे फोटो काढले. मला एका खाटेवर पाठीवर निजवलं आणि हलू नका म्हणून बजावलं. तपासायला आलेली डॉक्टरीण तरुण होती, तिथलीच. ती हिंदीत बोलायची आणि सून मला तिच्या मराठीत सांगायची. माझं हिंदी बाजारापुरतं, तेवढ्यात डोक्याच्या आतल्या गोष्टी बसत नाहीत.

डॉक्टरणीनं पडद्यावरचा फोटो माझ्या डोळ्यांपुढं धरला. "माताजी, जो सफेद है वो हड्डी है. जो एकदम काला है, वो हवा." डोक्यात पुढच्या बाजूला काळे डाग होते. आणि खाली, मानेच्या मणक्यांच्या आतून, एक बारीक काळी रेघ उतरत गेली होती.

सून म्हणाली, "आई, पाठीच्या कण्यात आतून जी नळी आहे ना, जिच्यातून ती मोठी नस जाते, त्या नळीत हवा गेली."

"सायकलच्या ट्यूबमध्ये जाते तशी?"

सुनेनं हे डॉक्टरणीला सांगितलं. डॉक्टरीण हसली नाही. म्हणाली, "बिलकुल वैसे ही. लेकिन पंप किसने मारा? नाक छिनकी थी? छींक रोकी थी?"

मी म्हटलं, शिंक तर मी नेहमीच दाबते. आणि कशी दाबते ते दाखवायला पदर नाकाशी नेला. तिनं झडप घालून माझा हात धरला. "बस, बस, माताजी! यही तो नहीं करना है!"

मग तिनं समजावलं आणि मला ते समजलं. नाकाच्या छताचं हाड पातळ असतं, त्याच्यावर मेंदू असतो. त्या हाडाला चीर गेली होती. मेंदूभोवती पाणी असतं, ते चिरेतून नाकात गळत होतं. तीच माझी सर्दी. आणि मी नाक शिंकरलं, शिंक दाबली की नाकातली हवा जोरानं त्याच चिरेतून वर जायची. वर गेली की परत यायला वाट नाही. मग ती पुढं सरकणार, तिथून मणक्याच्या नळीत. नुसत्या पडण्यानं एवढी हवा गेली नसती. बाकीची मी स्वतः भरली.

"म्हणजे माझ्या सासूनं शिकवलेलं..." मी म्हटलं.

सून म्हणाली, "आई, चांगलं झालं, तुम्ही मला नाही शिकवलं."

उपाय ऐकून मला आधी वाटलं, माझी चेष्टा करतायत. उपाय म्हणजे काही न करणं. पलंगाचं डोकं त्यांनी ठरवलं तेवढंच वर. उठायचं नाही, वाकायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. खोकायचं नाही. कुंथायचं नाही, त्यासाठी रोज रात्री औषध. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यानं अडकलेली हवा लवकर विरते म्हणाले. शरीर ती हवा आपण होऊन शोषून घेतं आणि चीरही आपण होऊन मिटते, जर बाईनं गप्प राहायचं मनावर घेतलं तर. आणि शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून सोडायची, म्हणजे जोर तोंडावाटे निघून जातो.

आणि पाणी थांबलंच नाही तर ऑपरेशन करून चीर बुजवायची. चीर उघडी राहिली तर नाकातली घाण वर जाऊन मेंदूच्या आवरणाला सूज येते, म्हणून फार दिवस थांबताही येत नाही. माझं वय आणि ब्लडप्रेशर बघून डॉक्टरांना ऑपरेशन नको होतं. मलाही नको होतं. मला भीती वाटत होती. मरणाची नव्हे, मरण ठीक आहे. पण डोक्यात हात घातल्यावर आतलं काही बिघडलं आणि मी खुळी होऊन या पोरीच्या गळ्यात वर्षानुवर्षं पडले तर? वरच्या पंख्याकडं बघत पडून राहिले.

आता सगळं एका शिंकेवर आलं होतं. आणि मला शिंकता येत नव्हतं.

हसू नका. तोंड उघडून शिंकायचं म्हणजे काय हे माझं अंग विसरूनच गेलं होतं. शिंक आली की जबडा आपोआप मिटायचा. पहिल्याच दिवशी एक शिंक आली आणि सून "तोंड, तोंड!" म्हणेपर्यंत मी ती गिळली. डोक्यात फट्‌ झालं. सुनेचा चेहरा पांढरा पडला. तिनं त्याच दिवशी माझं लुगडं घरी पाठवलं आणि मला दवाखान्याचा गाऊन घातला. म्हणाली, "पदरच नाही तर काय पकडणार?" मी म्हटलं, मला लाज वाटते. ती म्हणाली, "वाटू दे."

मग तिनं शिकवणी लावली. खाटेशी बसून आपलं काम करता करता मधेच वळून म्हणायची, "आई, शिंक!" की मी हात खाटेवर सपाट ठेवून तोंडाचा आ करायचा. खोटी शिंक, नुसता आ. जेवताना, डोळा लागत असताना, डॉक्टर आलेले असताना. शेजारच्या खाटेवर पाय मोडलेली एक मारवाडी म्हातारी होती. ती आपल्या लेकाला म्हणाली, "इनकी बहू तो मास्टरनी है." मी म्हटलं, "मास्टरणीला पगार असतो. ही फुकट छळते."

हे मी हसण्यावारी नेते, पण खरं ते लिहिते. त्या पोरीनं माझं बेडपॅन काढलं. मला पुसलं, धुतलं, कूस बदलताना मान धरली. मी चौथी शिकलेली, ती इंजिनिअर. बेडपॅन काढायला चौथीतही शिकवत नाहीत आणि तिच्या कॉलेजातही शिकवत नसणार. मुलगा रात्री येऊन झोपायचा, पण मला बापई माणसाच्या हातून ते करून घ्यायचं नव्हतं, मग तो पोटचा का असेना. हे मी बोलले नव्हते. तिनं आपण होऊन ओळखलं आणि त्याला सांगितलं, "तू फक्त चहा आण."

पाणी कमी झालं. आधी थेंब, मग नुसती ओल. दवाखान्यानं आणखी एक फोटो काढला, काळी रेघ आखूड झाली होती. पण डोक्यात हवा होती आणि ओल पूर्ण थांबली नव्हती. घरी न्या म्हणाले, तिथंही असंच निजवून ठेवा, पुढचा फोटो बघून ऑपरेशनचं ठरवू. ताप आला, मान ताठली, हातापायांत जोर कमी वाटला तर तडक घेऊन या.

घरी आले तर स्वयंपाकघरात फोडणी बंद. माझी खोली स्वयंपाकघराला लागून. मिरचीची फोडणी पडली की सगळं घर ठसकतं, आमच्याकडं तसंच आवडतं. सुनेनं गॅसची छोटी शेगडी गच्चीवर नेली. सगळी फोडणी गच्चीवर. डोक्याला ओढणी गुंडाळून, उन्हात, एका हातात माकडासाठी काठी. उदबत्ती बंद. केर ओल्या फडक्यानं. हे मला कुणी सांगितलं नाही. वरून मोहरीचा तडतड आवाज यायचा तो मला निजल्या निजल्या ऐकू यायचा.

आणि कुरडया. त्या मी मनानं सोडून दिल्या होत्या. तिनं त्या उलटल्या होत्या, वाळवल्या होत्या आणि डब्यात भरून ठेवल्या होत्या. निम्म्या मोडल्या होत्या. मी म्हटलं, "उलटताना हात हलका ठेवायचा असतो." ती म्हणाली, "पुढच्या वर्षी."

याच सुमाराला माझी धाकटी बहीण आली. तिनं आयुष्यात तालुक्याचं गाव सोडलं नव्हतं, आणि बातमी कळल्यावर एकटी दोन गाड्या बदलून जयपूरला आली. पिशवीत घरच्या लाल मिरच्या, मोहरी, आणि ग्रामदेवतेचा अंगारा. मला बघून रडायला लागली.

"अक्का, काय गं दशा झाली तुझी!"

"मोठ्यानं रडू नको. मला रडू आलं तर नाक गळेल."

"कुणाची तरी दिष्ट लागली बघ. लोकं काय कमी जळत्यात? पोरगा एवढ्या लांब कमावतोय, गच्ची हाय, सून हाय."

"माकडाची लागली."

"चेष्टा करू नगंस. मी काढून टाकती."

मी नको म्हटलं. सून खोलीतच होती, तिनंही हळू आवाजात सांगितलं, "मावशी, धूर नाही चालणार. आईंना शिंक, खोकला काही यायला नको." बहीण बरं म्हणाली. तिचं बरं मला लहानपणापासून माहीत आहे. बरं म्हणते आणि तेच करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून शेजारच्या खोलीत दार लावून कामावर बसली. मुलगा ऑफिसला निघाला होता, दाराशी बुटाच्या नाड्या बांधत होता. आणि बहीण खोलीत आली. मूठ झाकलेली, तोंड गप्प. दृष्ट काढताना बोलायचं नसतं, म्हणून मला तिला काही विचारताही येईना, ती उत्तरच देईना. तिनं माझ्यावरून मूठ उतरवली, ओठ हलवत, आल्याची-गेल्याची करत, आणि स्वयंपाकघरात गेली. गॅसवर तवा तापत ठेवलेला होता. निखारे जयपूरच्या फ्लॅटमध्ये कुठले? तव्यावर तिनं मीठ, मोहरी आणि मिरच्या टाकल्या.

आमच्यात असं की दृष्ट लागलेली असेल तर मिरच्या कितीही जळल्या तरी ठसका लागत नाही.

ठसका असा उठला की मुलगा दारातच खोकायला लागला. धूर माझ्या खोलीत आला. मी हाक मारायला गेले तर धुरानं घसा धरला. नाकात आधी चुरचुर, मग ती मोठी, खरी शिंक चढायला लागली. इतक्या दिवसांत एवढी मोठी आली नव्हती. हात गेला. पदर नव्हता, गाऊन होता, तरी हात गेला.

बहीण धावत आत आली. मला वाटलं खिडकी उघडायला. तर तिनं मुलाला दारात पाहिलं, बूट घातलेला, आणि माझा शिंक आलेला चेहरा पाहिला. आम्ही दोघी एकाच आईच्या हाताखालच्या. "अगं अक्का, त्यो निघालाय!" म्हणाली आणि आपला तळहात माझ्या नाकातोंडावर दाबला. ती मला वाचवतच होती, तिच्या समजुतीनं.

तेवढ्यात सून आली. कानाला यंत्र तसंच, वायर मागं लोंबतेय. तिनं बहिणीचा हात मनगटाला धरून ओढून काढला आणि माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडली, "आई, शिंक!"

आणि इतक्या दिवसांची शिकवणी कामाला आली. तो शब्द ऐकला की हात खाटेवर सपाट, तोंड आ. मी शिंकले. अशी शिंकले की काय सांगू. सासरच्या चुलीपुढच्या त्या शिंकेनंतरची पहिली. भांड्यावर भांडं आपटावं तसा आवाज झाला. मग दुसरी, मग तिसरी. खालच्या दुकानातली ठाकठूक थांबली आणि कुणीतरी विचारलं, "क्या गिरा, भैया?"

सुनेनं गॅस बंद केला, तवा गच्चीवर नेऊन टाकला, खिडक्या उघडल्या. मग परत येऊन मला विचारलं, "डोक्यात फट्‌ झालं?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही गं. कुठंच काही झालं नाही."

ती माझ्या पायाशी बसली. त्या कानातल्या यंत्रातून कुणी साहेब हॅलो हॅलो करत होता. तिनं ते काढून ठेवलं.

मुलगा दारातून परत आला. बूट काढले. बहीण म्हणाली, "आता थोडा बस रं बाबा, पाणी पी, मग जा." तो पाणी प्याला. पण ऑफिसला गेला नाही, दिवसभर माझ्याजवळच बसला.

बहिणीला मग सगळं समजावून सांगितलं, चीर, हवा, पाणी, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "ठसका लागला. म्हंजी दिष्ट नव्हतीच."

सून म्हणाली, "मावशी, मला विचारलं असतं तर मी तशीच सांगितलं असतं."

मला हसू आलं, आणि हसायचंही तोंड उघडून हसले.

पुढचे दिवस वाट बघण्यात गेले. त्या शिंकांनी मिटत आलेली चीर पुन्हा उघडली असेल तर पाणी सुरू होणार होतं, मग ऑपरेशन टळणार नव्हतं. बहिणीनं स्वच्छ पांढरं फडकं घेतलं आणि माझ्या नाकाखाली धरून बसली. दिवसा ती, रात्री मुलगा. मध्येच फडकं उजेडात धरून बघायची. कोरडं. घशात खारट लागतंय का म्हणून सून विचारायची. नव्हतं लागत. अधूनमधून बहीण माझ्या पायांना तेल लावत राहिली. तिच्यावर मला राग नाही. दोन गाड्या बदलून ती आली होती. मी तिच्यासाठी एवढं केलं असतं का, मला माहीत नाही.

फोटोचा दिवस आला. व्हीलचेअरवरून नेलं, मशीनमध्ये घातलं, बाहेर आणलं. डॉक्टरणीनं जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी ठेवले. मी आधी मानेकडं पाहिलं. मणक्यांच्या आतली काळी रेघ गेली होती. जिथं होती तिथं करडं होतं, जसं असायला हवं तसं. डोक्यात पुढं अजून एक मसुराएवढा डाग होता.

"ये भी चला जाएगा," ती म्हणाली. "पानी बंद है. ऑपरेशन की ज़रूरत नहीं."

सुनेनं ते मला मराठीत सांगितलं. मला हिंदीतच कळलं होतं, पण मी तिला सांगू दिलं. दोनदा ऐकायला बरं वाटलं. मी डॉक्टरणीला हात जोडले. तिनं माझे हात खाली केले आणि बजावलं, अजून काही आठवडे जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, आणि शिंक तशीच सोडायची.

"आता उलटी सवय लागलीय," मी म्हटलं. "मिटत नाही तोंड."

सुनेला मी आभार वगैरे म्हटलं नाही. आमच्यात घरच्या माणसाला म्हणत नाहीत, आणि म्हटलं असतं तर ती रडली असती आणि मीही. बाहेर व्हरांड्यात आलो तेव्हा मी तिला एवढंच म्हटलं, "आज फोडणी खाली दे. गच्चीवर काळी पडलीस पार. मी बाहेरच्या खोलीत बसेन. आणि त्या कुरडया तळ."

"मोडलेल्या?"

"मोडलेल्याच. चव तीच असते."

ती काहीतरी बोलणार तेवढ्यात मला शिंक आली. मी हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवले, तोंड उघडलं आणि सोडली. लांबलचक व्हरांडा, त्यात ती घुमली. बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. समोर एक पागोटेवाला म्हातारा पिशवी उचलून जायला उभा राहिला होता. माझी शिंक ऐकून तो तसाच खाली बसला, पिशवी मांडीवर ठेवून. तिथंही पाळतात तर.

मी माझ्या बाजारातल्या हिंदीत त्याला म्हटलं, "जाइए, भैया, जाइए. ये अच्छी छींक है."

तो मान हलवून हसला. पण पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ बसलाच, आणि मग गेला.